भेंडीत क्रांती, भाकरीत शक्ती

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ऐकली नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड. कुणी ती अभिमानानं म्हणतं, कुणी खवचटपणानं. तिचं मूळ शोधायच्या भानगडीत आपण पडायचं नाही. पण परभणीतल्या संशोधनाची चोपडी उघडली, की एक गंमत हाती लागते: जर्मनी तिच्यात खरोखरच डोकावते, तीही भेंडी आणि सोयाबीनच्या निमित्तानं. चला तर, ताट वाढलंय.

भेंडी निघाली जर्मनीला

भेंडीचा जुना वैरी म्हणजे केवडा. नाव सुगंधी, काम घातकी. पांढरी माशी या रोगाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान, आणि शेवटी भेंडीही पिवळट आणि राठ निघते. दिल्लीहून आलेलं ‘पुसा सावनी’ हे गाजलेलं वाण एके काळी या रोगाला दाद देत नसे, पण पुढं तेही हात टेकायला लागलं.

परभणीच्या कृषी विद्यापीठातले एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी मग भेंडीच्या गोतावळ्यातच शोध घेतला. ‘ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट’ नावाचा तिचा एक भाऊबंद आहे. भाजीच्या दृष्टीनं तो बिनकामाचा, पण केवड्यापुढं ताठ उभा राहणारा. या दोन जातींचा संकर करून त्यांनी पाहिलं, की रोगाला तोंड देण्याचा गुण एकाच प्रभावी जनुकाकडं आहे. हा निष्कर्ष १९८१ साली ‘थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’ या नियतकालिकात छापून आला. ते काढते स्प्रिंगर ही जर्मन प्रकाशनसंस्था. १९२९ साली हे नियतकालिक निघालं तेव्हा त्याचं नावही जर्मनच होतं: ‘डेर त्सुख्टर’, म्हणजे नवी वाणं पैदा करणारा. म्हणीतली जर्मनी आणि परभणी एका पानावर आली ती अशी, भेंडीच्या साक्षीनं.

सून वारंवार माहेरी

नुसत्या संकरानं भागत नाही. दोन वेगळ्या जातींची संतती बहुधा वांझोटी निघते, आणि जी फळते तिच्यात रानटी बापाचे नको ते गुणही उतरतात. म्हणून त्या संततीचा संकर पुन्हा पुसा सावनीशीच करायचा. जणू नव्या सुनेला परत परत माहेरी धाडायचं, म्हणजे चव माहेरची राहते आणि ताकद तेवढी सासरची येते. अशा पिढ्यांमागून पिढ्या निवडून जे वाण हाती आलं, त्याचं नाव ‘परभणी क्रांती’. १९८६ साली अमेरिकेतल्या ‘हॉर्टसायन्स’नं त्याची ओळख छापली.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. तो रूप बदलतो, आणि कालांतरानं या क्रांतीलाही केवडा लागू लागला. तरी परसबागेसाठी बियाण्याची पाकिटं घ्यायला गेलात, तर हे नाव आजही समोर येतं. चाळिशी ओलांडल्यावरही दुकानाच्या फळीवर टिकून राहणारे शोध फार नसतात.

दुष्काळातली जुळी

परभणीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं १८ मे १९७२ रोजी. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठही त्याच दिवशी. एक काळ्या मातीत, दुसरं लाल मातीत. एकाच्या वाट्याला ज्वारी-कापूस, दुसऱ्याच्या वाट्याला आंबा-काजू. वाढदिवस मात्र एकच.

परभणीकराचा मुहूर्त खडतर होता. त्याच वर्षी पावसानं दडी मारली आणि महाराष्ट्र ७२च्या दुष्काळात होरपळला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या माणसांनी सुकडी खाल्ली आणि अमेरिकेहून आलेली ‘मिलो’ ही तांबडी ज्वारी गिळली. ज्वारीच्या मुलखानं बाहेरची ज्वारी खावी, याची आठवण घरातली म्हातारी माणसं अजून काढतात. २०१३ साली, वसंतराव नाईक यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं, विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. दुष्काळाच्या त्या वर्षी राज्याचे मुख्यमंत्री तेच होते.

भाकरीत लपलेलं लोखंड

मिलोच्या त्या वर्षानंतर ४६ वर्षांनी परभणीनं ज्वारीचं उत्तर दिलं. २०१८ साली ‘परभणी शक्ती’ हे वाण आलं. हैदराबादजवळच्या पाटणचेरूमधली इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आणि परभणीचं विद्यापीठ यांचं हे संयुक्त अपत्य, आणि भारतातलं पहिलं जैवसमृद्ध ज्वारीचं वाण. जैवसमृद्ध म्हणजे काय? पिठात वरून काही मिसळायचं नाही, लोह आणि जस्त दाण्यातच जास्त भरेल अशी जात निवडायची.

आता हिशेब. नेहमीच्या ज्वारीत किलोमागं साधारण ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असतं. शक्तीत ते ४२ आणि ३२ च्या घरात जातं. दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाणाऱ्याला लोह ६ ऐवजी ८.४ मिलिग्रॅम मिळेल. शिवाय लोहाची वाट अडवणारा फायटेट नावाचा घटक या वाणात कमी आहे. बाई रोज जशी भाकरी थापते तशीच थापायची. चव बदलायची नाही, गोळ्या आठवायच्या नाहीत.

याचं महत्त्व कळायला दोन आकडे पुरेत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ६ ते ५९ महिन्यांच्या बाळांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के.

फुकटचा सल्ला: भाकरीसोबत लिंबाची फोड घ्या, आणि जेवणावर लगेच चहा ढोसू नका. लिंबू लोहाला आत ओढतं, चहा त्याला दारातच अडवतो.

शेजारच्या बाजरीची परीक्षा

असली भाकरी खाऊन खरंच फरक पडतो का? ही परीक्षा बाजरीनं आधी दिली आहे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींचे दोन गट केले. एकाला लोहसमृद्ध बाजरी, दुसऱ्याला साधी. दिवसातून दोनदा, भाकरीच्या आणि शेवेच्या रूपात. २०१५ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या अंगात मुळात लोह कमी होतं, त्यांची ही तूट भरून निघण्याची शक्यता समृद्ध बाजरीच्या गटात साधारण १.६ पट होती. ज्वारीचं पीक वेगळं, दाणा वेगळा, तिची परीक्षा तिलाच द्यावी लागेल. पण प्रश्नपत्रिका कशी असते ते आता माहीत झालंय.

नावात काय नाही?

परभणीच्या वाणांची यादी वाचली, तर लग्नातल्या करवल्यांची नावं वाटतील: परभणी मोती, परभणी ज्योती, परभणी शक्ती. तिन्ही ज्वारीच्या. या विद्यापीठाच्या नांदेड केंद्रातून आलेल्या संकरित कापसाचं नाव ‘नांदेड ४४’. बीटी कापूस येण्याआधी मराठवाड्यात त्याचा दरारा होता. तुरीच्या ‘बीडीएन ७११’ मधलं बीडीएन म्हणजे जालना जिल्ह्यातलं बदनापूर.

सगळ्यात मजा सोयाबीनची. ‘एमएयूएस ७१’ मधली चार अक्षरं म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या इंग्रजी नावाची तीन आद्याक्षरं आणि सोयाबीनचा ‘एस’. हीच चार अक्षरं सलग जोडून जर्मन माणसापुढं ठेवली, तर तो वाचेल ‘माउस’. म्हणजे उंदीर! कोठारात ठेवायच्या धान्याला उंदराचं नाव देण्याचं धाडस परभणीच करू जाणे.

इकडं बैल, तिकडं ड्रोन

एकाच आवारात दोन टोकं. एकीकडं बैलाच्या ताकदीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारा अखिल भारतीय प्रकल्प. बैलाला दिवसभर न दमता ओढता येतं ते त्याच्या वजनाच्या साधारण एक दशांश ओढीनं. अवजार त्याच मापात बनवायचं, नाहीतर दुपारी बैल बसतो आणि मालक शिव्या देतो. चूक मात्र अवजाराची.

दुसरीकडं २०१९ साली सुरू झालेला डिजिटल शेतीचा प्रकल्प. त्यात यंत्रमानव, ड्रोन आणि विनाचालक वाहनं. ड्रोननं एकरभर फवारायला साधारण १० लिटर पाणी लागतं, पाठीवरच्या पंपानं दोनशेच्या आसपास. पाणी दुरून आणावं लागणाऱ्या शिवारात हा आकडाच मोठी बातमी आहे.

दमणूक मोजायची पट्टी

‘लई दमले बाई’ हे शास्त्रात कसं लिहायचं? परभणीत पूर्वीचं गृहविज्ञान आणि आताचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शेतात राबणाऱ्या बाईचे श्रम मोजले जातात. खुरपताना, वेचताना, वाकताना नाडी किती वाढते, ती शांत व्हायला किती वेळ लागतो, हे नोंदवायचं आणि मग विळ्याची मूठ किंवा वेचणीची झोळी बदलायची. यातला नाजूक मुद्दा असा, की बायकांच्या हाताला बसेल असं अवजार बनवायचं हे ठरवण्याआधी तो हात कुणीतरी मोजावा लागतो.

एका यादीत दोन परभण्या

थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रातला तापमानाचा तक्ता पाहा. कधी त्यात दोन परभण्या भेटतात: एक नुसती ‘परभणी’, दुसरी ‘परभणी कृषी विद्यापीठ’. दुसरीचा पारा बहुधा खाली असतो. शहरात घरं, डांबर, सिमेंट. विद्यापीठात मोकळी रानं. उघड्या रानाची ऊब रात्री पटकन उडून जाते. म्हणून परभणीकर गावात स्वेटर घालतो आणि विद्यापीठाच्या रस्त्याला लागला की वर मफलर गुंडाळतो.

रांगेतले परीक्षक

विद्यापीठाचे दोन मोठे दिवस ठरलेले. १८ मेला, स्थापनादिनी, खरिपाचा मेळावा. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, रब्बीचा. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली, आणि आता या दिवशी शेतकरी बियाण्यासाठी रांगेत उभा असतो. रांग ‘बायोमिक्स’साठीही लागते. उपयोगी बुरशी आणि जिवाणूंचं हे मिश्रण विद्यापीठातच तयार होतं.

शोधनिबंध छापण्याआधी दोन-तीन तज्ज्ञ तपासतात, तेही नाव न सांगता. बियाण्याचे परीक्षक हजारो, आणि नाव सांगून तपासणारे. ‘मागल्या साली नेलं होतं, पन उगवलंच नाही’ हा शेरा ते थेट काउंटरवर देतात. अशा परीक्षकांपुढं उतरलेला शोध मग संध्याकाळी तव्यावर परतला जातो, वरून दाण्याचा कूट पडतो आणि शेजारी भाकरी येते. छापायला जर्मनीच लागली असेल, पण चाखायला परभणीलाच यावं लागतं.