सिगारेट सुटते, तलफ रेंगाळते

सिगारेट किंवा विडी सोडल्यानंतरही ती ओढण्याची जी तीव्र इच्छा मधूनमधून उसळते, तिला तलफ म्हणतात. पहिल्या आठवड्यात ती येणार, हे सोडणाऱ्याला ठाऊक असते. तो गोंधळतो तो दोन-तीन महिन्यांनी, क्वचित वर्षभराने ती पुन्हा उभी राहते तेव्हा. ‘इतके दिवस झाले तरी मन तिकडेच ओढ घेते, म्हणजे हे आपल्याला जमणारे नाही,’ असे मनाशी ठरवून कितीतरी जण त्याच दिवशी टपरीकडे वळतात. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत फार मोठी आहे. भारतात २०१६-१७ मध्ये झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या मनात ते सोडण्याचा विचार होता. सोडण्याची इच्छा लोकांना आहेच. सोडल्यावर येणाऱ्या तलफेचे काय करायचे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

शरीराची मागणी

झुरका घेतल्यावर निकोटिन फुप्फुसांतून रक्तात उतरते आणि दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिथे पेशींवरील ठरावीक ग्राहींना ते चिकटते आणि डोपामिन हे रसायन स्रवते. हवेहवेसे वाटण्याशी आणि ‘हे पुन्हा कर’ अशी खूणगाठ बांधण्याशी या रसायनाचा संबंध आहे. रोज निकोटिन मिळत राहिले की मेंदूतील या ग्राहींची संख्या वाढते. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. मग वाढलेले ग्राही रिकामे राहतात, माणूस बेचैन होतो आणि पुढची सिगारेट पेटवतो.

सिगारेट बंद केल्यावर दोन-तीन दिवसांतच रक्तातले निकोटिन जवळजवळ संपते. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, एकाग्रता न होणे, भूक वाढणे ही लक्षणे याच काळात शिगेला पोहोचतात. बहुतेक लक्षणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात, भूक मात्र त्याहून जास्त काळ वाढलेली राहते. ग्राहींची संख्या धूम्रपान न करणाऱ्यांइतकी व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणजे तीन महिन्यांच्या आसपास शरीराचा हिशेब बऱ्याच अंशी चुकता होतो. त्यानंतर येणाऱ्या तलफेचे मूळ शरीराच्या मागणीत कमी आणि मनाच्या आठवणीत जास्त असते.

मनाची आठवण

रोज दहा सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले, तर वर्षाला छत्तीस हजारांहून अधिक झुरके होतात. या प्रत्येक झुरक्याच्या वेळी आजूबाजूला काहीतरी असतेच: सकाळचा चहा, जेवणानंतरची शतपावली, कचेरीतली सुट्टी, दारूचा पेला, मित्रांचा अड्डा, बॉसची बोलणी, एसटीची वाट पाहणे. पुनःपुन्हा एकत्र आल्याने या गोष्टी आणि निकोटिन यांची मेंदूत घट्ट सांगड बसते. पुढे निकोटिन नसले, तरी नुसता चहाचा वास किंवा काडी ओढल्याचा आवाज तलफ जागी करतो.

ही सांगड किती बलवान असते, हे तेल अवीव विद्यापीठातील संशोधक रेऊव्हेन दार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात दिसले. त्यांनी धूम्रपान करणाऱ्या विमान-कर्मचाऱ्यांची तलफ उड्डाणादरम्यान मोजली. काही उड्डाणे तीन ते साडेपाच तासांची होती, काही दहा ते तेरा तासांची. तलफ केवळ निकोटिन कमी झाल्याने येत असती, तर लांबच्या प्रवासाच्या शेवटी ती कितीतरी जास्त असायला हवी होती. प्रत्यक्षात दोन्ही प्रवासांत ती विमान उतरण्याची वेळ जवळ येऊ लागल्यावर वाढली आणि शेवटी जवळपास सारखीच भरली. आता ओढता येईल, ही अपेक्षाच तिला वर आणत होती. रमजानच्या रोज्यात दिवसभर सिगारेटला हात न लावणारी माणसे आपल्याही आसपास असतात. त्या वेळेत ओढायचे नाही हे पक्के ठरलेले असल्याने मन स्वतःशी घासाघीस करत बसत नाही.

यातून सोडणाऱ्याने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. ‘बघू, फारच वाटलं तर एखादी ओढू’ अशी फट ठेवली की तलफ वाढते. दार पूर्ण बंद असले की ती लवकर माघार घेते.

तलफेची काही मिनिटे

तलफ कितीही जोरात आली, तरी ती सतत चढत जात नाही. ती वाढते, टोकाला पोहोचते आणि ओसरते. बहुतेक वेळा हे सारे तीन ते पाच मिनिटांत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी तिला समुद्राच्या लाटेची उपमा दिली. लाटेला छाती लावून अडवू नये आणि तिच्यात बुडूही नये, तिच्यावर तरंगत ती ओसरेपर्यंत थांबावे, असे त्यांचे सांगणे होते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा: तलफ आली की बसून घ्यावे, ती शरीरात कुठे जाणवते आहे ते पाहावे. घशात, छातीत, बोटांत की जबड्यात? श्वास संथ ठेवावा आणि ती जाणीव कशी बदलते, याकडे लक्ष द्यावे. मार्लट आणि सारा बोवेन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे तंत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या तलफा लगेच घटल्या नाहीत. तरीही पुढच्या आठवड्यात त्यांनी इतरांपेक्षा कमी सिगारेटी ओढल्या. तलफ येणे आणि सिगारेट ओढणे यांच्यामधला धागा सैल झाला होता.

प्रत्येकाला असे शांत बसणे जमत नाही. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी कृतीचे मार्ग आहेत. दहा-पंधरा मिनिटे झपाझप चालल्याने तलफ कमी होते, हे अनेक प्रयोगांत आढळले आहे. जागा बदलणे, घोट घोट पाणी पिणे, कोणाला तरी फोन करणे, हाताला काम देणे यांचाही उपयोग होतो. तलफेच्या वेळी डोळ्यांसमोर सिगारेटचे चित्र उभे राहते, म्हणून डोळे गुंतवणारे काम विशेष कामी येते. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१५ मधील अभ्यासात तीन मिनिटे टेट्रिस हा व्हिडिओ गेम खेळल्यावर खाण्यापिण्यापासून निकोटिनपर्यंतच्या विविध इच्छांची तीव्रता सुमारे एक-पंचमांशाने उतरली.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे आधीच केलेली तयारी. कोणत्या वेळी, कोणासोबत, कोणत्या मनःस्थितीत तलफ येते याची यादी आठवडाभर लिहून काढावी आणि प्रत्येकीसमोर एक ठोस कृती ठरवावी. ‘जेवण झालं की लगेच दात घासायचे.’ ‘टपरीवर मित्र थांबले तर चहा घेऊन दुसऱ्या बाजूला उभं राहायचं.’ ‘कोणी पाकीट पुढे केलं तर “मी सोडली आहे” एवढंच म्हणायचं.’ भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत मनाचा ताबा लवकर सुटतो, म्हणून वेळेवर जेवण आणि पुरेशी झोप हाही तलफेवरचा उपायच आहे. पहिले काही महिने दारूच्या बैठका टाळणे शहाणपणाचे ठरते, कारण दारू निर्धार ढिला करते आणि सिगारेटची आठवणही जागवते.

चहा, पोट आणि तोंडातली जागा

सिगारेटच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करते. धूर बंद झाला की हा वेग मंदावतो आणि पूर्वीइतक्याच चहा-कॉफीतून रक्तात बरेच जास्त कॅफिन साठते. मग धडधड, हात थरथरणे, झोप न लागणे असे त्रास होतात आणि माणूस त्यांचा दोष सिगारेट सोडण्याला देतो. चहा-कॉफी निम्म्यावर आणली की यातला बराच त्रास कमी होतो.

सकाळी सिगारेट ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रारही खोटी नाही. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते आणि ते बंद झाल्यावर काही जणांना काही आठवडे बद्धकोष्ठ होते. भरपूर पाणी, पालेभाज्या, फळे आणि चालणे यांनी ते सावरते. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलोंनी वाढते. सिगारेटने होणाऱ्या हानीपुढे ही वाढ किरकोळ आहे, पण तिच्या भीतीने पुन्हा सिगारेट धरणारे असतात. म्हणून तळलेल्या आणि गोड पदार्थांऐवजी फुटाणे, काकडी, गाजर हाताशी असावे.

तोंडात काहीतरी हवे, ही ओढ बडीशेप, लवंग किंवा आवळकाठीने भागते. त्या जागी मळलेली तंबाखू, मिसरी, गुटखा किंवा मावा आला तर व्यसनाचे फक्त रूप बदलते. महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा तोंडातली तंबाखूच कितीतरी अधिक वापरली जाते, त्यामुळे हा धोका इथे खरा आहे. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही. ती स्वतःच कर्करोगकारक आहे.

औषधांचा आधार

कोणत्याही मदतीशिवाय सोडण्याच्या शंभर प्रयत्नांपैकी तीन ते पाचच वर्षभर टिकतात. यात दोष माणसाच्या चारित्र्याचा नाही. निकोटिनची पकड तेवढी घट्ट असते. म्हणून औषध घेण्यात कमीपणा मानू नये.

निकोटिनचे च्युइंगगम आणि पट्ट्या शरीराला धुराशिवाय थोडे निकोटिन देतात आणि ते टप्प्याटप्प्याने कमी करता येते. त्यांच्या वापराने सोडण्यात यश मिळण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. पट्टी दिवसभर आधार देते, तर अचानक उसळलेल्या तलफेवर गम उपयोगी पडते, म्हणून दोन्ही एकत्र वापरणे अधिक परिणामकारक ठरते. गम साध्या च्युइंगगमसारखी सतत चघळायची नसते. थोडी चावून जिभेला चुरचुर जाणवली की ती गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, चुरचुर थांबली की पुन्हा चावायची. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा, कॉफी किंवा आंबट पेय घेतले तर निकोटिन नीट शोषले जात नाही. ‘गमने काही फरक पडला नाही’ असे म्हणणाऱ्यांनी ही रीत एकदा तपासून पाहावी.

व्हारेनिक्लिन हे औषध निकोटिनच्याच ग्राहींवर बसते. ते त्यांना अर्धवट चेतवते, त्यामुळे तलफ कमी होते. शिवाय जागा अडवल्यामुळे सिगारेट ओढलीच तरी तिची मजा उतरते. ब्युप्रोपियॉन हे दुसरे औषध. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्यासाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत निकोटिनचे पर्याय, व्हारेनिक्लिन, ब्युप्रोपियॉन आणि सायटिसिन यांची शिफारस आहे. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. गरोदरपण, फिट येणे, हृदयविकार किंवा मनोविकार असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. ई-सिगारेट हा पर्याय भारतात खुला नाही, तिच्यावर २०१९ पासून बंदी आहे.

समुपदेशन आणि औषध यांची जोड सर्वांत चांगली. भारत सरकारची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनीसेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेतून सुरू झाली. आता मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालयही या सेवेचे एक केंद्र आहे. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.

एक झुरका घेतला गेला तर

कधी लग्नात, कधी अंत्यविधीनंतर, कधी भांडणाच्या भरात एखादी सिगारेट ओढली जाते. त्यानंतरचा विचार त्या सिगारेटपेक्षा जास्त घातक ठरू शकतो. ‘आता मोडलंच आहे, मग पाकीटच घेऊ’ या विचाराच्या परिणामाचे वर्णन मार्लट यांनीच केले आहे. अपराधी वाटू लागले की माणूस पुन्हा सिगारेटचाच आसरा शोधतो. त्या क्षणी उरलेली सिगारेट फेकून द्यावी, काय घडले ते जवळच्या माणसाला सांगावे, कोणत्या प्रसंगाने पाय घसरला ते लिहून ठेवावे आणि त्याच दिवशी पुन्हा सुरुवात करावी. घसरणाऱ्याला धीर दिला पाहिजे हे खरे. पण ‘एकाने काय होतंय’ हा समज त्याहून मोठा शत्रू आहे, कारण एक झुरका घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण पुन्हा नियमित ओढू लागतात.

घरच्यांची वागणूक इथे निर्णायक ठरते. रोज तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, पाहुण्यांसमोर टोमणा मारणे यांनी माणूस लपवू लागतो आणि लपवणारा मदत मागत नाही. पहिल्या महिन्यातली चिडचिड ही शरीराची तक्रार आहे हे समजून घेतले, घरातली काडेपेटी आणि राखदाणी हलवली, संध्याकाळी सोबत चालायला गेले, तर तलफेचे अर्धे ओझे वाटून घेतले जाते.

कुठवर?

सिगारेट तणाव घालवते हा समज जाता जात नाही. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि तणाव न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झाले होते. सिगारेट जो तणाव घालवते, त्यातला बराचसा आधीच्या सिगारेटचा अंमल उतरल्यामुळेच आलेला असतो.

तलफांमधले अंतर आठवड्यागणिक वाढत जाते. चहासोबतची तलफ रोज चहा पिताना मोडत जाते, म्हणून ती लवकर विरते. वर्षातून एकदाच येणारा प्रसंग, जसे गावची जत्रा किंवा जुन्या मित्रांची भेट, सिगारेटविना अजून अनुभवलेला नसतो, म्हणून तिथली तलफ उशिरापर्यंत शाबूत राहते. वर्षभराने आलेल्या तलफेचा अर्थ बहुधा एवढाच असतो. तो प्रसंग सिगारेटविना एकदा पार पडला की पुढच्या खेपेस तिचा जोर कमी असतो. हा प्रयत्न कोणत्याही वयात सार्थकी लागतो. ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे पाठपुरावा करून रिचर्ड डॉल, रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या निष्कर्षानुसार तिशीत सिगारेट सोडणाऱ्याला सुमारे दहा, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यालाही तीन वर्षांचे आयुष्य परत मिळते.