थंडीत रात्रीच नाक का चोंदते?

दिवाळी सरून कृष्णाकाठी धुके उतरू लागले, की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत एक तक्रार घरोघरी सुरू होते. दिवसभर काही जाणवत नाही. पण अंथरुणाला पाठ टेकली, की नाक बंद होते. पहाटे घसा कोरडा पडून जाग येते आणि कपाळ जड वाटते. 'सायनस वाढला' असे निदान बहुतेक जण स्वतःच करून मोकळे होतात. वास्तविक अशा वेळी सायनसमध्ये काही साचलेले असतेच असे नाही. नाक भरलेले नसते, तर सुजलेले असते. हा फरक लक्षात आला, तर उपायही बदलतात.

संगम माहुलीपासून सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत पहाटे नदीवर धुके असते, गवतावर दव असते. मग हवा कोरडी कशी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. थंड हवेत बाष्प मावतेच कमी, हे त्याचे उत्तर. १० अंश सेल्सिअस तापमानाची हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी एका घनमीटरमध्ये सुमारे ९ ग्रॅमच पाणी असते. फुफ्फुसांना मात्र ३७ अंशांची, घनमीटरला ४४ ग्रॅम बाष्प असलेली हवा लागते. उरलेले ३५ ग्रॅम नाक आणि वरचा श्वसनमार्ग यांनी पुरवायचे असतात. रात्रीच्या झोपेत माणूस साधारण ३ घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे अशा हवेसाठी सुमारे १०० ग्रॅम, जवळजवळ अर्धा पेला पाणी खर्ची पडते. बाहेर पडणाऱ्या श्वासातून नाक त्यातील काही भाग परत मिळवते. तोंडाने श्वास सुरू झाला, की ही वसुलीही थांबते.

या कामासाठी नाकाच्या आतल्या भिंतींवर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मांसल वळ्या असतात. 'नाकात मांस वाढले' असे म्हणताना अनेकदा याच वळ्या अभिप्रेत असतात. दर काही तासांनी एका बाजूच्या वळ्या फुगतात आणि दुसरीकडच्या आकसतात. दिवसा हा पाळीचा खेळ लक्षात येत नाही. आडवे झाल्यावर मात्र डोक्याकडील रक्ताचा भार वाढतो, वळ्या फुगतात आणि ज्या कुशीवर झोपावे ती नाकपुडी बंद होते. कोरड्या हवेमुळे नाकातील स्राव घट्ट झाला, की तो पुढे सरकवणाऱ्या सूक्ष्म केसांची गती मंदावते. सायनसची तोंडे जेमतेम काही मिलिमीटरची. ती सूज आणि घट्ट स्रावाने अडली, की कपाळ आणि गाल जड होतात.

आपल्या भागात यात धुराची भर पडते. थंडी आणि ऊस कारखान्यांचा गळीत हंगाम एकाच वेळी येतात. कऱ्हाड, वाळवा पट्ट्यात तोडणीनंतर फडात पाचट पेटवले जाते, गुऱ्हाळे आणि वीटभट्ट्या धगधगत असतात. रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि धूर वर न जाता वस्तीतच रेंगाळतो. शहरातील वाचकाने शेतकऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःच्या खोलीतील डासांची उदबत्तीही पाहावी. माळ्यावरून काढलेल्या गोधड्या आणि रजया ऊन न दाखवता वापरल्या, तर धुळीची ॲलर्जी असलेल्यांना पहाटे शिंकांचा त्रास होतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणे तर कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते.

खरा धोका मात्र उशाशी ठेवलेल्या छोट्या बाटलीत आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात आणि काही मिनिटांत नाक मोकळे होते. चार-पाच दिवसांपेक्षा अधिक वापर झाला, की औषधाचा अंमल उतरताच सूज उलट वाढते. मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. थंडी संपून उन्हाळा आला तरी ही बाटली सुटत नाही, असे रुग्ण असतात. उच्च रक्तदाब असलेल्यांनी हे थेंब डॉक्टरांना विचारल्याविना वापरू नयेत. मुलांच्या बाबतीतही सावध राहावे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे निर्देश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले आहेत.

त्यापेक्षा स्वस्त आणि निर्धोक उपाय मिठाच्या पाण्याचा. पाव लिटर पाण्यात अर्ध्या लहान चमच्याहून किंचित कमी मीठ, म्हणजे सुमारे सव्वादोन ग्रॅम, घातले की ते शरीरातील द्रवांइतके खारट होते आणि झोंबत नाही. जलनेती करणाऱ्यांना हे प्रमाण हाताच्या अंदाजाने ठाऊक असते. पाणी मात्र किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेलेच हवे. नळाचे, विहिरीचे किंवा घरातील शुद्धीकरण यंत्राचे पाणी पिण्यास योग्य असले, तरी नाकात घालण्याइतके निर्जंतुक नसते. नाकावाटे शिरणाऱ्या अमीबाने मेंदूज्वर होतो. केरळमध्ये २०२५ मध्ये अशा रुग्णांनी आरोग्य यंत्रणेची झोप उडवली होती. एवढा खटाटोप नको असेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारे साधे सलाइनचे थेंब झोपण्यापूर्वी घालावेत.

वाफेने तात्पुरते बरे वाटते. पण उकळत्या पाण्याच्या भांड्यावर लहान मुलांना वाकवू नये, भाजण्याचे प्रकार त्यातूनच घडतात. बामने नाक उघडत नाही, गारव्यामुळे उघडल्यासारखे वाटते इतकेच. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याची चाल अजूनही अनेक घरांत आहे. ते तेल फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून ती बंद व्हायला हवी. मोठ्यांनी उशाकडची बाजू थोडी उंच करावी आणि पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. बाष्प सोडणारी यंत्रे आता आपल्याकडेही विकली जातात. बंद खोलीत त्यांचा अतिरेक झाला, तर भिंतींना बुरशी धरते आणि ॲलर्जीवाल्यांचे दुखणे वाढते.

सर्दी बहुधा विषाणूंची असते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. तिला प्रतिजैविके लागत नाहीत. दहा दिवसांनंतरही त्रास कायम राहिला, किंवा बरे वाटून पुन्हा ताप आणि गालाचे दुखणे सुरू झाले, तर डॉक्टरांकडे जावे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर वरच्या दाढेचे मूळ किडले आहे का, हेही तपासून घ्यावे लागते. डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, असह्य डोकेदुखी किंवा मान ताठणे यांपैकी काहीही आढळले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मधुमेहींनी तर अधिकच तत्पर राहावे. म्युकरमायकोसिसची सुरुवात नाक आणि सायनसमधूनच होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिले आहे.