‘वडील काय करतात?’ या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवा

‘घरी कोण कोण असतं? वडील काय करतात? मूळ गाव कोणतं?’ खाजगी कंपनीच्या मुलाखतीत हे तीन प्रश्न हमखास येतात. ऐकायला साधे, आपुलकीचे. परंतु हिशेबाचे, संगणकाचे, कायद्याचे प्रश्न धडाधड सोडवणारी आपली मुले नेमकी याच तीन प्रश्नांपाशी अडखळतात. कुणी सफाई कामगार वडिलांना ‘नगरपालिकेत नोकरीला’ एवढ्यावर भागवतो. कुणी आईची धुणीभांडी गिळून टाकतो. कुणी अर्जावर आडनावच लिहीत नाही. समोर बसलेल्याला जे हेरायचे असते ते तो या अडखळण्यातून हेरतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, या प्रश्नाला तोंड देण्याची तयारी एकट्या उमेदवारावर सोडून चालणार नाही. ती समाजाने करून घ्यायची गोष्ट आहे.

१९९१ नंतर खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण म्हणजेच ‘खाउजा’ आले. सरकारी भरती आटली, कंत्राटी कामे वाढली. आपल्या आधीच्या पिढीने रेल्वे, पोस्ट, बँक, महापालिकेत नोकऱ्या धरल्या त्या आरक्षणाच्या जोरावर. त्यामागे बाबासाहेबांचे कष्ट होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी पाठपुरावा केला, म्हणून १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. आजची मुले मात्र कंपनीच्या दारात उभी आहेत आणि त्या दारावर आरक्षणाची पाटी नाही.

कंपनीवाले म्हणतात, आम्ही जात पाहत नाही, गुणवत्ता पाहतो. खरे काय ते आपल्याच प्रा. सुखदेव थोरात यांनी पॉल अटवेल यांच्यासोबत तपासले. इंग्रजी वृत्तपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. एक उच्चवर्णीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. ६६ आठवडे, ५४८ जाहिराती, ४८०८ अर्ज. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने हा अभ्यास छापला. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांचाही अभ्यास आला. त्यांनी दिल्ली परिसरातील २५ बड्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांनाच बोलते केले. हे अधिकारी गुणवत्तेचे गोडवे गात होते आणि त्याच दमात ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारावीच लागते, असेही सांगत होते. चांगल्या घरातला, चांगल्या संस्कारातला उमेदवार हवा म्हणे. चांगले घर म्हणजे कुणाचे, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम १६ ने दिलेली समान संधीची हमी राज्याच्या नोकरीपुरती आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला नोकरीपासून अडवणे हा गुन्हा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने नोकरीतल्या अडवणुकीचा स्पष्ट उल्लेख आला. परंतु मुलाखतीतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुरावा काय असतो? ‘कळवतो’ एवढा एक शब्द. नकाराचे कारण कंपनी कधी लिहून देत नाही आणि लेखी कारणाशिवाय खटला उभा राहणे महाकठीण. २००४ मध्ये केंद्रातील युपीए सरकारने किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातील आरक्षणाचा विषय घेतला. उद्योगपतींनी स्वेच्छेची आचारसंहिता पुढे केली आणि कायदा टळला. तो आजही झालेला नाही.

सरकारी मुलाखतीत निदान दाद मागायला जागा आहे. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशात १०० गुण लेखीला आणि ५० गुण तोंडी मुलाखतीला होते. मुलाखत उरकत होती दोन-तीन मिनिटांत. १९८१ साली अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० गुणांना मनमानी ठरवले, १५ टक्क्यांपेक्षा जास्त गुण मुलाखतीला नकोत असे म्हटले आणि मुलाखती टेपवर ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचवले. लेखी गुण कागदावर असतात, मुलाखतीचे गुण माणसाच्या मनात असतात, हे न्यायालयालाही मान्य करावे लागले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या गट ब अराजपत्रित आणि गट क पदांच्या मुलाखती बंद झाल्या, हे आपल्या हिताचेच झाले. मात्र यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण आजही मुलाखतीचे आहेत. ती मुलाखत मराठीतून देता येते, हे आपल्या कित्येक मुलांना माहीत नसते. मुलाखतीत आपल्याला किती गुण दिले, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने केरळ लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात ते स्पष्ट केले आहे. केंद्र सरकारी पदाच्या मुलाखतीला बोलावलेल्या अनुसूचित जातीच्या बेरोजगार उमेदवाराला रेल्वेभाडे मिळण्याचीही तरतूद आहे. बोलावण्याचे पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, ते यासाठी.

कागदपत्रांचेही तसेच. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. परंतु केंद्राच्या नोकरीसाठी दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. नुसते ‘बौद्ध’ लिहिलेला दाखला घेऊन गेलेली मुले ऐन वेळी धावपळ करतात. जाहिरात निघण्याआधी दाखला तपासा, जात पडताळणी करून ठेवा.

आता त्या तीन प्रश्नांकडे येऊ. वडील काय करतात? जे करतात ते सरळ सांगा. ‘वडील महापालिकेत सफाई कामगार होते, आई चार घरची कामे करायची. घरातली मी पहिली पदवीधर. कॉलेज करताना सकाळी पाच ते आठ काम केले, तरी एकही वर्ष वाया जाऊ दिले नाही.’ एवढे बोलून थांबायचे. गयावया नको, आव्हानाचा सूरही नको. यात कष्ट आहेत, वेळेची शिस्त आहे, जबाबदारी आहे. कोणत्याही मालकाला नोकरात हेच हवे असते. जात सांगण्याचे बंधन कुणावर नाही आणि कुणी आडनाव टाळले म्हणून आपण त्याला भ्याड म्हणू नये. पोटाचा प्रश्न त्याचा आहे. पण खोटे सांगू नये. खोटे सांगणारा पुढच्या प्रत्येक प्रश्नाला घाबरत राहतो.

दुसरी गोष्ट बायोडाटाची. शंभर अर्जांत आपला अर्ज उठून दिसायचा कसा? आपली मुले मार्कशीटच्या ओळी उतरवतात आणि थांबतात. १४ एप्रिलच्या जयंती मंडळाचा खजिनदार दोनशे घरांतून वर्गणी गोळा करतो, पावत्या फाडतो, पै-पैचा हिशेब वस्तीसमोर मांडतो. दुसरा मिरवणुकीसाठी पोलीस स्टेशनची परवानगी काढतो, मंडप-लाऊडस्पीकरवाल्याशी भाव ठरवतो, हजार माणसांच्या जेवणाची व्यवस्था लावतो. विहाराची अभ्यासिका चालवणारी मुलगी पुस्तकांची नोंद ठेवते, लहान मुलांना गणित शिकवते. हा कामाचा अनुभव नाही तर काय आहे? तो आकड्यांसह लिहा. किती वर्षे, किती माणसे, किती रुपयांचा हिशेब. मोठ्या घरच्या मुलांचे पंधरा दिवसांचे कॅम्प बायोडाटात झळकतात आणि आपली दहा वर्षांची समाजसेवा घरी राहते!

तिसरी गोष्ट सरावाची. वरच्या जातीच्या मुलाच्या घरी काका मॅनेजर असतो, मामा अधिकारी असतो. जेवताना बोलता बोलता त्याची मुलाखतीची तयारी होऊन जाते. बाबासाहेब कोलंबियाची एम.ए. पदवी घेऊन आले होते, तरी १९१८ साली सिडनहॅम कॉलेजची प्राध्यापकी मिळताना मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचा शब्द कामी आला. एवढ्या विद्वानाला शब्द लागला, तर आपल्या पोरांसाठी शब्द टाकणार कोण?

त्यांच्यासाठी काका-मामा आपणच व्हायचे आहे. बँक, रेल्वे, एलआयसी, महसूल खात्यातून निवृत्त झालेले आपले धम्मबांधव प्रत्येक वस्तीत आहेत. रविवारी वंदना झाली की विहारात एक टेबल आणि चार खुर्च्या मांडा. तिघे पॅनेलवर बसा. एकेका उमेदवाराला बाहेरून आत बोलवा, वीस मिनिटे प्रश्न विचारा. निम्मे मराठीत, निम्मे इंग्रजीत. ‘स्वतःबद्दल सांगा’ याचे दोन मिनिटांचे उत्तर पाठ न करता बोलायला लावा. ‘लग्न कधी करणार?’ असे प्रश्न मुलींना हमखास येतात, तेही विचारा. चुका एकांतात सांगा, चारचौघांत हसू नका. याला देणगी लागत नाही, इमारत लागत नाही. लागतो तो शिकलेल्यांचा एक रविवार. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी खंत व्यक्त केली, तिला उत्तर द्यायची ही एक साधी वाट आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील, मुलाखतीची तयारी म्हणजे व्यवस्थेशी तडजोड. आम्हाला तसे वाटत नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण हवे, भेदभावविरोधी कायदा हवा, नकाराचे कारण लेखी देण्याचे बंधन हवे. या मागण्यांसाठी मोर्चे निघालेच पाहिजेत. पण कायदा होईपर्यंत या वर्षी पदवीधर झालेल्या मुलीने घरी बसायचे काय? मोर्चा आणि सराव दोन्ही एकाच वेळी चालले पाहिजेत.

शाक्य राजपुत्रांसोबत उपाली नावाचा न्हावी प्रव्रज्या घ्यायला आला, तेव्हा तथागतांनी राजपुत्रांच्या आधी उपालीला संघात घेतले. त्याची कौटुंबिक पार्श्वभूमी त्याच्या आड आली नाही. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत संघाचे सारे नियम सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला. संधी मिळाली की गुण दिसतात, याचा अडीच हजार वर्षांपूर्वीचा दाखला आपल्याच धम्मात आहे. येत्या रविवारी आपल्या विहारात टेबल मांडा. पहिला प्रश्न ‘वडील काय करतात?’ हाच विचारा आणि आपली मुलगी मान वर करून उत्तर देईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा.

जयभीम!