ऑटिझमवर उपचार, पण नेमका कशावर?

मुलाला ऑटिझम असल्याचं निदान झालं की आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, "हे बरं होईल ना?" त्यावर दोन टोकांची उत्तरं ऐकू येतात. एक म्हणजे, योग्य डॉक्टर, योग्य आहार किंवा योग्य इंजेक्शन मिळालं की मूल अगदी 'नॉर्मल' होतं. दुसरं म्हणजे, ऑटिझम हा आजारच नाही, तेव्हा उपचाराची भाषाच चुकीची. ऑटिझम ही एकच सलग गोष्ट आहे असं दोन्ही उत्तरं धरून चालतात आणि माझ्या मते गोंधळ तिथेच होतो. मेंदूची मुळातली वेगळी घडण ही एक बाब आहे. झोप न लागणं, फिट्स येणं, पोट साफ न होणं, विलक्षण घाबरणं, डोकं आपटून घेणं हा त्या मुलाला होणारा त्रास ही दुसरी. मूळ घडण बदलणारं औषध आजवर सिद्ध झालेलं नाही. त्रासावर मात्र बरंच काही करता येतं.

औषधांबद्दलचा गैरसमज इथूनच सुटू लागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये रिस्पेरिडोनला आणि २००९ मध्ये अॅरिपिप्राझोलला मान्यता दिली, ती ऑटिझम असलेल्या मुलांमधल्या तीव्र चिडचिडीसाठी आणि आक्रमकतेसाठी. या गोळ्यांनी बोलणं येत नाही की मैत्री जमत नाही, आणि वजन वाढण्यासारखे दुष्परिणाम सांभाळावे लागतात. समाजात मिसळणं वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याकडून मोठी अपेक्षा होती. २९० मुलांवर २४ आठवडे चाललेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला: औषध घेणारी मुलं आणि नुसता फवारा घेणारी मुलं यांच्यात फरक नव्हता.

"पण आमच्या डोळ्यांदेखत फरक पडला, तो काय खोटा?" हा आक्षेप फेटाळून लावण्यासारखा नाही. सिक्रेटिन या संप्रेरकाची हकिकत त्यासाठी पाहायला हवी. एरवी ते स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी देतात. १९९८ मध्ये अशी तपासणी झालेल्या तीन मुलांचं वागणं-बोलणं सुधारल्याचा वृत्तांत आला आणि अमेरिकेत घरोघरचे पालक ते इंजेक्शन मिळवायला धावले. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर काटेकोर चाचणी झाली. काहींना सिक्रेटिन, काहींना नुसतं सलाईनचं पाणी, आणि कोणाला काय मिळालं हे पालकांनाही ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्यांनाही नव्हतं. सुधारणा दोन्ही गटांत दिसली, सारखीच. म्हणजे पालक खोटं बोलत नव्हते. मुलं वाढत असतात, चांगले-वाईट काळ आपोआप येतात-जातात, बहुतेकदा स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी सोबत चालू असते, शिवाय आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना एरवी निसटणारी गोष्टही टिपता येते. यातलं कशामुळे काय झालं हे एका घरात बसून ठरवता येत नाही, तुलनेसाठी दुसरा गट लागतोच. या चाचणीतला मला सर्वांत बोलका वाटणारा आकडा वेगळाच आहे: निष्कर्ष कळल्यावरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिनमध्ये रस होताच. याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. दुसरं काहीच हाताशी नसलेली माणसं पुराव्यापुढेही आशा सोडत नाहीत, आणि नेमक्या या जागी बाजार उभा राहतो.

"करून बघायला काय हरकत आहे?" हरकत आहे. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली दिलेल्या औषधाने २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला. आज आपल्याकडे स्टेम सेलच्या जाहिराती मराठी पालकांपर्यंतही पोहोचतात. अशा पेशी असलेल्या नाळेतल्या रक्ताची अमेरिकेत १८० मुलांवर चाचणी झाली, तीत सामाजिक संवादाच्या मुख्य निकषावर फायदा दिसला नाही. २०२० मध्ये ते प्रसिद्धही झालं. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळानेही डिसेंबर २०२२ मध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस नाही असं सांगितलं. तरीही कर्ज काढून इंजेक्शनं घेतली जातात, आणि त्या पैशात झाली असती ती थेरपी राहून जाते.

मग काहीच करायचं नाही का? काही पालक तर चिडून म्हणतात की स्वीकाराच्या गप्पा ज्यांची मुलं बोलतात त्यांच्या घरी ठीक आहेत, आमचा मुलगा रोज स्वतःला रक्तबंबाळ करतो. त्यांचं म्हणणं रास्त आहे, आणि म्हणूनच प्रत्येक लक्षण वेगळं तपासायला हवं. आनंदात हात फडफडवणारं मूल कोणाला इजा करत नाही. ते थांबवण्यात तासन्‌तास घालवले तर सोय होते ती पाहुण्यांची. पण न बोलणारं मूल अचानक डोकं आपटू लागलं, तर ते 'ऑटिझममुळेच' असं म्हणून सोडून देणं घातक ठरू शकतं. दाढ किडलेली असेल, कान दुखत असेल, चार दिवस शौचाला झालं नसेल. आधी दात, कान, पोट तपासा, वागणुकीचं नंतर बघू. आणि कुकरच्या शिट्टीला कान झाकून किंचाळणाऱ्या मुलासाठी कुकर लावण्याआधी सांगणं, दार लोटून घेणं हादेखील उपचारच आहे.

संवादाच्या बाबतीतला सर्वांत दिलासा देणारा पुरावा गोव्यातून आला आहे. गोवा आणि रावळपिंडी इथे २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालक आणि मुलाच्या खेळाचं चित्रीकरण केलं आणि पालकांसोबत बसून ते पुन्हा पाहिलं. मूल कुठे वळून पाहतं, काय दाखवू पाहतं, त्याला आपण काय प्रतिसाद देतो, हे पालक ओळखायला शिकले. आठ महिन्यांनी पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला होता आणि मुलं आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली होती. सगळंच सुधारलं असं नाही, दोघांनी मिळून एका गोष्टीत रमण्याचा वेळ उलट घटला. ऑटिझम तसाच होता. पण आपल्याकडच्या साध्या घरांत, मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाची वाट न पाहता हे घडलं.

म्हणून उपचार सुचवणाऱ्या प्रत्येकाला विचारा: नेमका कोणता त्रास कमी होणार, तो कसा मोजणार, आणि फरक पडला नाही तर कधी थांबणार? स्टेम सेलबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रीतसर मान्यता मिळालेल्या संशोधनात सहभागी होणाऱ्या मुलाच्या घरच्यांकडून इंजेक्शनचे पैसे घेतले जात नाहीत. कोणी बिल पुढे केलं, तर सही करू नका.