दौड कमी, चाल जास्त!

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, बिगहॉर्न पर्वताच्या पायथ्याशी ‘ईटन्स रँच’ आहे. रँच म्हणजे गुराढोरांसाठी राखलेले विस्तीर्ण कुरण. येथे मात्र शंभराहून अधिक वर्षे पाहुण्यांचीच बडदास्त अधिक ठेवली जाते. पाहुणे येतात ते घोड्यावर बसून डोंगरवाटा तुडवण्यासाठी.

पिट्सबर्गच्या हॉवर्ड, विलिस आणि आल्डेन या ईटन बंधूंनी प्रथम डाकोटा प्रांतात, मेडोराजवळ बस्तान बसवले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट हे तेथे त्यांचे शेजारी होते. पूर्वेकडील शहरांतून स्नेही मंडळी शिकारीसाठी येत आणि आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकत. या पाहुणचाराचा खर्च झेपेना, तेव्हा १८८२ च्या सुमारास पाहुण्यांकडून पैसे घेण्याची प्रथा पडली. १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात त्या मुलखातील असंख्य गुरे थंडीने व उपासमारीने मेली. गुरांपेक्षा पाहुणे भरवशाचे, हे त्यानंतर अनेकांना उमगले. १९०४ मध्ये ईटन बंधू सध्याच्या जागी आले. नटूनथटून आलेल्या शहरी माणसाला काउबॉय ‘ड्यूड’ म्हणून चिडवीत. त्यावरून अशा जागांना ‘ड्यूड रँच’ हे नाव पडले.

येथील सहलीत चित्रपटातली भरधाव घोडदौड शोधणाऱ्याची निराशाच होईल. नवख्यांची सहल बहुतेक वेळ चालीनेच होते. पुढे ‘रँगलर’, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा वाटाड्या, आणि मागे एका रांगेत पाहुणे. घोडा हा कळपात राहणारा प्राणी असल्याने तो पुढच्या घोड्याच्या मागे आपसूक चालतो. नवखा स्वार डोंगर चढू शकतो तो या स्वभावामुळेच. पण अंतर फार कमी झाले, तर पुढचा घोडा लाथ झाडतो. म्हणून दोन घोड्यांत निदान एका घोड्याच्या लांबीएवढी जागा ठेवावी लागते.

लगाम एकाच हातात धरायचा असतो. काउबॉयचा दुसरा हात दोरीच्या फासासाठी मोकळा राहावा, म्हणून तेथील घोड्यांना मानेवर टेकणाऱ्या लगामाच्या स्पर्शाने वळायला शिकवलेले असते. चढावर स्वाराने किंचित पुढे झुकावे, उतारावर मागे रेलावे. टाचा मात्र नेहमी खाली. चालत्या घोड्यावर जाकीट चढवण्याचा मोह टाळावा. कापडाच्या फडफडीने शहाणा घोडाही बुजतो. परतीच्या वाटेवर घोड्याला तबेल्याची ओढ लागते, तेव्हा त्याला मुळीच पळू द्यायचे नाही. एकदा सवय लागली, की पुढच्या स्वाराची धडगत नसते.

निघण्यापूर्वी पाहुण्याचे वजन विचारले जाते. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. घोड्याने खोगिरासह स्वतःच्या वजनाच्या साधारण एक पंचमांश भार वाहावा, असा संकेत आहे. पाचशे किलोच्या घोड्यासाठी ही मर्यादा शंभर किलोंची. त्यातले पंधराएक किलो पाश्चिमात्य धाटणीच्या खोगिरातच जातात. उरलेल्या हिशेबात स्वाराने बसायचे! पाहुण्याचा सराव आणि स्वभाव पाहून घोडा निवडणे हे रँगलरचे खरे कसब.

या व्यवसायाचे गणित अवघड आहे. पाहुण्यांचा हंगाम जेमतेम उन्हाळ्याचा, तर घोड्यांना वैरण बारा महिने. निसर्गरम्य जमिनींचे भाव वाढल्याने वारसांना रँच चालवण्यापेक्षा विकणे सोपे जाते. ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानातील १९१३ मध्ये स्थापन झालेली ‘व्हाइट ग्रास रँच’ १९८५ मध्ये बंद पडली. तिच्या लाकडी खोल्या पुढे डागडुजी करून वाचवण्यात आल्या आणि तेथे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. वास्तू टिकली, पाहुण्यांना घेऊन निघणारी घोड्यांची रांग मात्र तेथे उरली नाही.