पाटी, कोपर आणि नामगिरी

शिष्यवृत्तीच्या परीक्षेला आठ दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. मधल्या सुट्टीत वर्गातली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी रोज गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहते. मग मला स्कॉलरशिप मिळेल ना?"

मी काही बोलणार तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक वस्ताद ओरडला, "बाई, सगळेच दूर्वा वाहतात! गणपतीनं कुणाकुणाचं ऐकायचं?"

सगळे खो-खो हसले. ती मुलगी मात्र हसली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आणि खरं सांगते मुलांनो, मलाही उत्तर सुचेना. 'हो, मिळेल' म्हणावं तर ते खोटं. 'देवाचा काय संबंध?' म्हणावं तर तिच्या मनातला धीरच काढून घेतल्यासारखं. मग मी फळा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि एका मुलाची गोष्ट सांगितली. त्याला स्कॉलरशिप मिळाली होती, आणि ती गेलीसुद्धा! तीच आज तुम्हाला सांगते.

तमिळनाडूत कुंभकोणम् नावाचं गाव आहे. गाव कसलं, देवळांचं शहरच. तिथं सारंगपाणीच्या देवळासमोरच्या गल्लीत एक छोटंसं घर होतं. घरातले वडील कापडाच्या दुकानात कारकून, आई देवळात भजनं म्हणायची. त्यांचा मोठा मुलगा श्रीनिवास रामानुजन. जन्म 22 डिसेंबर 1887 चा, आजोळी इरोडला झालेला. या घराची कुलदेवता नामक्कलची नामगिरी, म्हणजे तिथल्या नरसिंहाची लक्ष्मी. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं, तेव्हा नामगिरीला साकडं घातलं आणि हा मुलगा झाला, अशी घरातल्यांची श्रद्धा. त्यामुळे 'नामगिरी' हा शब्द त्यानं आईच्या मांडीवरच ऐकला असणार.

(एवढ्या मोठ्या गणितज्ञाला मी अरे-तुरे करते आहे. पण या गोष्टीत तो बराच वेळ तुमच्या दादाच्याच वयाचा आहे, म्हणून!)

शाळेत हुशार. बक्षिसं मिळवायचा. सोळाव्या वर्षाच्या सुमाराला त्याच्या हाती कार नावाच्या एका इंग्रज शिकवणीच्या मास्तरांचं पुस्तक पडलं. त्यात होती पाच हजारांच्या आसपास सूत्रं. नुसती सूत्रं! ती कशी आली, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेलंच नाही. तुम्ही-आम्ही असं पुस्तक दोन दिवसांत कपाटावर टाकलं असतं. रामानुजन मात्र एकेक सूत्र घेऊन, ते कसं आलं असेल हे आपलं आपण शोधत बसला. मग पुस्तकात नसलेलीही सूत्रं त्याला सापडू लागली.

1904 मध्ये तो मॅट्रिक झाला आणि कुंभकोणम् च्या सरकारी कॉलेजात स्कॉलरशिप मिळवून दाखल झाला. इथपर्यंत सगळं कसं छान! पण आता त्याला गणिताशिवाय काही दिसेचना. इंग्रजीच्या तासाला गणित, इतिहासाच्या तासाला गणित. इंग्रजी निबंधात तो नापास झाला. स्कॉलरशिप गेली. घरची परिस्थिती अशी, की फी भरणं अवघड. 1905 मध्ये तो कुणाला न सांगता घरातून निघून गेला, थेट विशाखापट्टणमला. तो परत आला. पण त्या दिवसांत त्याच्या आईवडिलांचं काय झालं असेल? (म्हणून सांगते, गुण कमी पडले तर आधी घरी या. रागावतील, पण जेवायलाही वाढतील.)

पुढं मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, पचय्यप्पा कॉलेजात पुन्हा प्रयत्न केला. एफ. ए. ची परीक्षा होती, आपल्या आजच्या बारावीसारखी. नापास. पुन्हा बसला. पुन्हा नापास. 1907 साल संपताना या वीस वर्षांच्या मुलाकडे ना पदवी, ना नोकरी, ना पुढची वाट.

इथं माझ्या वर्गातल्या त्या मुलीनं हात वर केला. "बाई, तेव्हा नामगिरी कुठं होती?"

वर्ग एकदम गप्प. मघाचा तो वस्तादसुद्धा. मी म्हटलं, "बाळ, मला नाही माहीत." बाई असून मला उत्तर येत नाही म्हटल्यावर मुलांना फार बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे! पण एवढं मात्र ठाऊक आहे, की या सगळ्या काळात त्याची वही थांबली नाही. पानांमागून पानं भरत होती. कागद महाग, म्हणून तो आधी सगळं पाटीवर करायचा आणि शेवटी आलेलं उत्तर तेवढं वहीत उतरवायचा. पाटी पुसायला फडकं शोधण्यात वेळ जातो, म्हणून पुसायचा कोपरानं! कोपर काळंकुट्ट व्हायचं म्हणे. कधी आधी लिहिलेल्या कागदावरच लाल शाईनं पुन्हा लिहायचा.

आता नामगिरीचं ऐका. रामानुजन मित्रांना सांगायचा, की देवी मला स्वप्नात सूत्रं सुचवते. हे ऐकून माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे डोळे चमकले. झोपायचं आणि उत्तर मिळवायचं, यापरतं सुख कोणतं? पण त्याच्या मित्रांनी पुढचंही लिहून ठेवलंय. जाग आली की तो ते लगेच उतरवून काढायचा आणि पडताळून बघायचा. देवीनं सांगितलं म्हणून तसंच वहीत घातलं, असं नाही. पाटी घ्यायची, घासायची, कोपर काळं करायचं. ते काम त्याचं.

नोकरीसाठी तो दारोदार हिंडला, वह्या काखोटीला मारून. 1910 मध्ये नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांना त्याची तळमळ कळली आणि त्यांनी दरमहा 25 रुपये द्यायला सुरुवात केली. 1911 मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या मासिकात त्याचा पहिला मोठा लेख छापून आला. (या सोसायटीचं ग्रंथालय त्या काळी आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होतं बरं का!) असा दुसऱ्याच्या पैशावर किती दिवस जगणार? 1 मार्च 1912 ला तो मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून म्हणून लागला. पगार महिना 30 रुपये. दिवसा बंदराचे हिशेब, रात्री आपले.

त्यानं इंग्लंडमधल्या गणितज्ञांना पत्रं पाठवायला सुरुवात केली. दोघांकडून काहीच मदत मिळाली नाही. तिसरं पत्र 16 जानेवारी 1913 चं, केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना. आत पानंच्या पानं सूत्रं. हार्डीसाहेबांना आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतोय. पण संध्याकाळी ते आणि त्यांचे मित्र लिटलवुड पत्र घेऊन बसले आणि रात्र होईतो त्यांची खात्री पटली, की हा कारकून फार फार मोठा गणितज्ञ आहे.

हार्डीसाहेब देव मानत नसत. नुसतं मानत नसत असं नाही, देवाशी त्यांचं जणू भांडणच होतं! क्रिकेटची मॅच बघायला जाताना ते मुद्दाम छत्री, स्वेटर आणि वाचायचे कागद घेऊन जायचे. पाऊस पडला तर याचं काम होईल, असं देवाला वाटेल आणि मग तो हट्टानं ऊन पाडेल, असा त्यांचा डाव! आता बघा, एकीकडे नामगिरीचा भक्त आणि दुसरीकडे हे छत्रीवाले साहेब. यांची जोडी जमायची होती.

पण मध्ये समुद्र होता. त्या काळी सनातनी ब्राह्मण घरात समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं. हार्डीसाहेबांनी बोलावलं आणि रामानुजननं नकार दिला. आई ऐकेना. स्वप्न दाराशी येऊन उभं आणि दार आतून बंद. मग काय झालं, याच्या दोन-तीन हकिकती सांगतात. एक अशी, की तो नामक्कलला गेला, देवळात तीन रात्री झोपला आणि तिसऱ्या रात्री त्याला कौल मिळाला. दुसरी अशी, की आईलाच स्वप्न पडलं. मुलगा गोऱ्या लोकांमध्ये बसलाय आणि नामगिरी सांगते आहे, याच्या वाटेत येऊ नकोस. यातलं नेमकं काय घडलं ते आज कोण सांगणार? एवढं खरं, की आईनं होकार दिला. आणि पालकहो, मला या गोष्टीतली ती आई फार मोठी वाटते. लोक काय म्हणतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

17 मार्च 1914 ला बोट सुटली. त्याआधी शेंडी गेली, धोतराच्या जागी पँट आली, पायात बूट आले. ते चावायचे.

केंब्रिजला सुख वाट बघत होतं असं समजू नका. थंडी हाडं गोठवणारी. हा शाकाहारी, स्वतःच्या हातानं स्वयंपाक करणारा. त्याच ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि भाजीपाला मिळेनासा झाला. आणि हार्डीसाहेबांचं एकच टुमणं: सिद्ध करून दाखव! उत्तर बरोबर दिसतंय, पण ते बरोबरच का, ते मांड. हा हट्ट काही उगाच नव्हता. रामानुजननं पहिल्या पत्रात मूळ संख्यांबद्दल जे मोठ्या विश्वासानं लिहिलं होतं, त्यातलं काही चक्क चुकीचं निघालं होतं. रामानुजनसारख्याचं चुकतं, मग आपण गणित एकदा तपासायला काय हरकत आहे?

दोघांनी मिळून काय काय केलं, त्यातला एक सोपा नमुना देते. 4 ही संख्या बेरजेनं किती प्रकारे लिहिता येईल? नुसते 4. मग 3+1. मग 2+2. मग 2+1+1. आणि 1+1+1+1. झाले पाच. 5 चे होतात सात. सोपं वाटतंय ना? आता 100 चे सांगा! ते होतात 19 कोटी 5 लाख 69 हजार 292. एकेक लिहीत बसलं तर जन्म पुरणार नाही. न लिहिता हा आकडा काढायची रीत या दोघांनी 1918 मध्ये दिली. रीत नामगिरीवर श्रद्धा ठेवणाऱ्याची आणि देव न मानणाऱ्याची, अर्धी-अर्धी.

1917 पासून रामानुजन आजारीच होता. इस्पितळात भेटायला आलेले हार्डीसाहेब म्हणाले, "टॅक्सीचा नंबर 1729 होता. कंटाळवाणा आकडा." हा पडल्या पडल्या म्हणाला, छे, फार मजेदार आहे! दोन घनांची बेरीज दोन वेगवेगळ्या प्रकारे होणारी ही सर्वांत लहान संख्या. 12 चा घन अधिक 1 चा घन, आणि 10 चा घन अधिक 9 चा घन. करून बघा.

1918 मध्ये त्याला रॉयल सोसायटीची फेलोशिप मिळाली. एफ. ए. नापास मुलाला! मार्च 1919 मध्ये तो परतला, तो आपल्या मुंबईच्या बंदरात. पण तब्येत सुधारली नाही. मद्रासला तो अंथरुणावरच होता, तरी लिहीत होता. पत्नी जानकी उशाशी. जानेवारी 1920 मध्ये त्यानं हार्डीसाहेबांना एका अगदी नव्या शोधाबद्दल कळवलं. 26 एप्रिल 1920 ला तो गेला. वय अवघं 32. समुद्र ओलांडलेला म्हणून बरेच नातेवाईक अंत्यविधीलाही आले नाहीत.

त्या शेवटच्या वर्षातली पानं कुठल्या कुठं पडून राहिली. 1976 मध्ये जॉर्ज अँड्रूज या अमेरिकन गणितज्ञांना ती केंब्रिजच्या एका ग्रंथालयात सापडली. आज कृष्णविवरांचा अभ्यास करणाऱ्यांनाही त्यातलं गणित उपयोगी पडतं.

हार्डीसाहेबांनी नंतर लिहिलं, की रामानुजनची धार्मिकता आचारापुरती होती, लोक समजतात तेवढी खोल नव्हती. मद्रासचे मित्र म्हणाले, साहेबांना कळलंच नाही. मला विचाराल तर मी मद्रासच्या मित्रांच्या बाजूची. पगार नाही, पदवी नाही, कुणी विचारत नाही, अशा वेळी माणूस रोज रात्री पाटी घेऊन पुन्हा बसतो, तो कशाच्या तरी आधारावर बसत असणार. त्याचा आधार नामगिरी होती. तुमच्यातल्या कुणाचा दुसरा असेल.

घंटा झाली. मी मुलांना घरी करायला दिलं: 6 चे प्रकार किती, ते शोधून आणा. (11 आहेत. मोठ्यांनीही करून बघावं.) मघाच्या त्या वस्तादानं नऊ आणले. दूर्वावाली मुलगी वर्गात शिरली ती वही उघडी धरूनच.

"बाई, काल दहाच आले होते. सकाळी दूर्वा वाहत होते ना, तेव्हा अकरावा सुचला! 2+2+1+1."

"बरोबर आहे कशावरून?"

"बेरीज केली ना बाई. दोनदा केली."

परीक्षा झाली. निकाल अजून लागायचा आहे.