अणूच्या उडीचं घड्याळ

तांब्याच्या स्फटिकाचा असा पृष्ठभाग डोळ्यांपुढे आणा, की ज्यावर अणू चौकटी-चौकटीने मांडलेले आहेत. त्यावर तांब्याचाच एखादा सुटा अणू चिकटला, तर तो चार अणूंच्या मधल्या खळग्यात बसतो. बसतो म्हणजे थरथरत राहतो, सेकंदाला दहा लाख कोटी वेळा वगैरे. क्वचित एखादी थरथर जोरकस निघते आणि तो शेजारच्या खळग्यात जातो.

मधला ऊर्जेचा अडथळा 0.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरू. आऱ्हेनियसच्या सूत्रानुसार 300 केल्विनला एका दिशेने सेकंदाला सुमारे 40,000 उड्या होतात. 200 केल्विनला जेमतेम दोन-तीन.

आता हे संगणकावर कसं पाहायचं? मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये प्रत्येक अणूच्या गतीची समीकरणं सोडवत एकेक फेम्टोसेकंद पुढे जावं लागतं. 300 केल्विनला चारही दिशा मिळून उड्यांचा दर 1,60,000, म्हणजे एका उडीची सरासरी वाट सहा मायक्रोसेकंद. तेवढ्यासाठी सहा अब्ज पावलं टाकायची, आणि जवळजवळ सगळी थरथर मोजण्यात खर्ची घालायची!

कायनेटिक माँटे कार्लो ही पद्धत थरथर सोडून देते आणि उड्यांचाच हिशेब ठेवते. या पद्धतीचं एक मूळ रूप बोर्ट्झ, कॅलोस आणि लेबोविट्झ यांनी 1975 मध्ये मांडलं. शक्य उड्यांची यादी करायची, प्रत्येकीचा दर लिहायचा. मग 0 ते 1 मधली एक यादृच्छिक संख्या काढायची. समजा 0.62 आली. चारही दर सारखे असल्याने ती तिसऱ्या पावभागात पडते. अणू तिसऱ्या दिशेला सरकवला. दुसरी संख्या 0.37 आली. तिच्या नैसर्गिक लॉगॅरिदमचं चिन्ह बदलून एकूण दराने भागलं, की घड्याळ सहा मायक्रोसेकंद पुढे. सहा अब्ज पावलांचं काम दोन संख्यांत उरकलं. असे पुष्कळ प्रवास चालवून अंतराच्या वर्गाची सरासरी काळासमोर मांडली, की रेषेच्या चढावरून विसरणाचा गुणांक मिळतो.

खरी मेख यादीत आहे. प्लॅटिनमच्या अशाच चौकटीच्या पृष्ठभागावर केलॉग आणि फीबलमन यांनी 1990 मध्ये फील्ड आयन मायक्रोस्कोपने अणूच्या जागा टिपल्या. बुद्धिबळातला उंट जसा एकाच रंगाच्या घरांत राहतो, तशाच त्या जागा पडल्या होत्या. अणू शेजारी उडी मारतच नव्हता; तो पृष्ठभागातल्या अणूला वर ढकलून स्वतः त्याची जागा घेत होता. ही अदलाबदल यादीत नसेल, तर प्रोग्राम कितीही दिवस चालवा, ती दिसणार नाही. तेव्हा अशा सिम्युलेशनचा आलेख हाती आला, तर आधी उड्यांची यादी मागून घ्या.